प्लॅस्टिकमधला जन्मदाखला

१४ ऑक्टोबर २०१९, सोमवार. सकाळी वारा उत्तरेचा, मंद. डोंगरावर बर्फ बरंच खाली उतरलंय. जिपार इस्तंबूलहून आली. धाकट्याला आणलं नाही. मोठी बॅग, पण अर्धी रिकामी. मला लोकरीची शाल, बेगायिमला बूट. बूट बरोबर मापाचे. माप कोणी कळवलं? चहा प्यायच्या आधीच मुलीचा जन्मदाखला मागितला. दिला नाही. जर्दाळूची उरलीसुरली पानं आज गळाली.

किर्गिझस्तानातल्या तोकमोक गावच्या त्या गल्लीत बुरुलकानबाईंइतकी संशयी बाई दुसरी नव्हती, आणि ही गोष्ट त्या स्वतःही नाकारत नसत. बाजारातून आणलेलं मटण घरच्या काट्यावर पुन्हा तोलायचं, दुधाची बाटली उजेडाला धरून बघायची, टीव्हीवर हवामान सांगितलं की उठून अंगणात जायचं आणि आभाळ स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचं. यातल्या शेवटच्या गोष्टीला मात्र कारण होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सूसामीर खिंडीतल्या हवामान केंद्रावर काढली होती. नवरा इसाकबेक त्याच खिंडीत रस्त्यावरचं बर्फ हटवायचं यंत्र चालवायचा. आईबाप लहानपणीच गेल्यामुळे बुरुलकानबाई वसतिगृहाच्या शाळेत वाढल्या. तिथल्या बाईंनी मुलींना रोज संध्याकाळी दिवसाचं लिहून काढायची शिस्त लावली होती. पुढे नोकरीही लिहिण्याचीच लागली. वारा कुठला, थंडी किती, ढग कसले. इसाकबेक गेला त्या दिवशीही त्यांनी आधी वारा लिहिला आणि मग तो गेल्याचं लिहिलं.

आता घरात त्या आणि बेगायिम, दोघीच.

बेगायिम तेरा वर्षांची. ती बुरुलकानबाईंच्या मुलाची, मेलिसची मुलगी. पण त्यांच्यात थोरल्या मुलाचं पहिलं अपत्य आजी-आजोबांचं असतं. मेलिसच्या बायकोनं, जिपारनं, दूध तोडलं आणि पोर उचलून सासूच्या अंथरुणात आणून निजवली. त्यात भांडण नव्हतं, लिखापढीही नव्हती. तेव्हापासून बेगायिम बुरुलकानबाईंना आई म्हणे, बापाला दादा आणि जन्म दिलेल्या बाईला वहिनी. पुढे मेलिस आणि जिपार कामासाठी इस्तंबूलला गेले. तिथे त्यांना मुलगा झाला. तो अर्थातच त्यांना आई-बाबा म्हणायचा. फोनवर दिसला की बेगायिम त्याला हात हलवून दाखवायची आणि तो पडद्यामागे पळायचा. एवढीच काय ती भावंडांची ओळख.

आणि आता जिपार स्वयंपाकघरात बसून म्हणत होती, "आई, बेगायिमच्या जन्मदाखल्यावर शिक्का मारून घ्यायचाय. परदेशात चालतो तो. अपोस्टिल म्हणतात."

"कशाला?"

"तिकडच्या कागदपत्रांना लागतो."

"तिकडे राहता तुम्ही दोघं आणि तो धाकटा. मुलगी राहते इथे. तिच्या कागदाचं तिकडे काय काम?"

"असू दे ना करून ठेवलेला. कधी लागला तर."

"कधी लागला तर म्हणून कोणी विमानात बसून येत नाही, सूनबाई. चहा घे, निवतोय."

जिपारनं चहा घेतला. कानापर्यंत लाल झाली होती. खोटं बोलायची सवय नसलेली माणसं अशीच लाल होतात, असं बुरुलकानबाईंचं मत होतं. पण खोटं कशासाठी, ते त्यांना पहिल्या घोटातच कळलं होतं. पोरगी न्यायला आलीय ही.

त्यानंतर त्यांना जिकडे तिकडे तेच दिसू लागलं. जिपार मुलीचे केस विंचरताना हळूच म्हणाली, "तुर्की सोपी असते गं आपल्याला, अर्धे शब्द तर तेच." जिपार शाळेत जाऊन बाईंना भेटून आली. का? जिपारनं पेटीतले बेगायिमचे हिवाळी कपडे काढून उन्हात टाकले. का? एकदा फोन वाजला तशी उठून कुंपणापाशी गेली आणि पाठ करून बोलली. बुरुलकानबाई तेवढ्यात कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर आल्या. त्या दिवशी कोंबड्यांना दोनदा दाणे मिळाले.

शेजारची हावा दुंगान, म्हणजे चिनी वंशाच्या मुसलमानांतली होती. दिवसभर शेवयांचं पीठ ताणता ताणता गल्लीभरच्या बातम्याही ताणायची. तिनं भिंतीवरून मान काढली.

"आली म्हणे सून. काय आणलंन?"

"शाल."

"आणि नेणार काय?"

बुरुलकानबाई भिंतीवरचा वाळका चिखल नखानं खरवडू लागल्या.

"माझ्या नणंदेची नात अशीच गेली हो. सुट्टीपुरती म्हणाले. आता फोनवर आजीशी तुर्कीत बोलते. ही बिचारी म्हणते, बोल बाई, मला काही कळत नाही, पण तू बोल."

"माझी बेगायिम तसली नाही."

"पोरीचं कोण म्हणतंय? शिक्का बसला की पोरीला कोण विचारतो! तू कागद हातचा सोडू नकोस, सांगून ठेवते. आणि चेहरा असा करू नकोस, माझं पीठ आंबेल."

कागद हातचा सोडायचा नाही हे बुरुलकानबाईंनी आधीच ठरवलं होतं. पण एकदम नाही म्हटलं तर जिपार मेलिसला सांगणार आणि तो फोनवर गयावया करणार. म्हणून त्या म्हणाल्या, "ठीक आहे. बिश्केकला आपण दोघी जाऊ. दाखला माझ्याजवळ राहील." कोटाच्या आतल्या खिशात दाखला ठेवून त्यांनी वरून पिन लावली. मिनीबसमध्ये जिपार खिडकीशी बसली आणि त्या तिच्या शेजारी, खिसा तिच्या पलीकडच्या बाजूला येईल अशा.

दाखला होता मोठा झोकात. बेगायिम पहिलीत गेली तेव्हा बुरुलकानबाईंनी तो बाजारात नेऊन दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणला होता. चहा सांडो, छप्पर गळो, कागदाला काही होणार नाही. गल्लीतल्या बायकांनी तेव्हा बघून आपापल्या घरचे दाखलेही तसेच करून घेतले होते.

कचेरीत खिडकीमागे रंगवलेल्या नखांची एक तरुण बाई होती. तिनं दाखला बोटांनी वाकवून बघितला आणि सुस्कारा सोडला.

"आजी, हे काय करून ठेवलंत?"

"जपून ठेवलाय."

"ह्याच्यावर शिक्का बसत नाही. प्लॅस्टिकमधला कागद आम्ही धरतच नाही. आधी नवा दाखला काढा, हा जमा करा, मग नव्यावर अपोस्टिल. काय करू हो, निम्म्या देशाच्या आज्यांनी हेच करून ठेवलंय!"

"आज्या सगळ्या खुळ्या, आणि तू एकटी शहाणी का?"

रांगेत कोणीतरी हसलं. खिडकीतल्या बाईनं अर्ज काढला. "मुलीची आई कोण?"

"मी," बुरुलकानबाई म्हणाल्या.

बाईनं दाखल्यावर पाहिलं, मग ह्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "इथे जिपार लिहिलंय. तुम्ही जिपार का?"

मग मागून जिपार हळूच म्हणाली, "जिपार मी. पण आई ह्याच आहेत."

"अहो, घरात कोणीही असा. अर्ज कागदावरच्या आईनं करायचा. आणि जुना जमा करायचा नसेल तर हरवला म्हणून लिहून द्या, तरी नवा मिळतो."

"हरवलेला नाही," जिपार म्हणाली.

बुरुलकानबाईंनी खिडकीतून हात घालून दाखला उचलला, खिशात ठेवला, पिन लावली आणि रांगेतून बाहेर पडल्या. परतीच्या वाटेवर त्यांचा हात सारखा खिशावरच्या पिनेकडे जात होता. मनात जमवाजमव चालली होती. प्लॅस्टिकचं नुसतं निमित्त. जुना काढून घ्यायचा, नवा सुनेच्या हातात द्यायचा, म्हणजे म्हातारी मोकळ्या हातांनी घरी. त्या खिडकीतल्या बाईला जिपारनं आधीच गाठून ठेवली असेल. आणि 'हरवलेला नाही' म्हणाली ती माझ्यासमोर म्हणून. उद्या एकटी येईल आणि हरवला म्हणून लिहून देईल.

घरी आल्यावर त्यांनी दाखला लपवला. भिंतीशी मोठी पेटी होती आणि पेटीवर गाद्या-रजयांची छातीइतकी उंच चळत. सगळ्या घरांत असते तशीच, फक्त ही जरा जास्त नेटकी. रोज सकाळी अंथरुणं उचलून ती चळत रचायची. प्रत्येक रजईच्या घडीची पाठ खोलीकडे आणि उघडी टोकं भिंतीकडे. उघडं टोक खोलीकडे राहिलं की घरातली बरकत निघून जाते. कडा अशा जुळल्या पाहिजेत की वरून हात फिरवला तर कुठे अडू नये. जिपारला हे कधी जमलं नाही. नवी नवरी होती तेव्हापासून तिची चळत उतरणीवरच्या ट्रकसारखी एका बाजूला कलायची. मधल्या लाल रजईच्या घडीत बुरुलकानबाईंनी दाखला सरकवला. बेगायिम वरच्या रजया धरून शेजारी उभी होती.

"इथे कशाला, आई?"

"इथे कोणी बघत नाही म्हणून."

"वहिनीला द्यायचा नाही?"

"नाही. आणि सांगायचंही नाही."

"बरं," बेगायिम म्हणाली आणि वरच्या रजया ठेवून कडा जुळवू लागली.

गुरुवारी सकाळी बुरुलकानबाई गाय दोहून आत आल्या तर जिपार घरात नव्हती. बेगायिम शाळेत गेली होती. जिपारचा कोट खुंटीवर नव्हता. हातातली बादली त्यांनी तशीच खाली ठेवली आणि चळतीपाशी आल्या. चळत जागच्या जागी, सरळ. वरच्या रजया काढून त्यांनी लाल रजई उलगडली, झटकली, दुसरी उलगडली, तिसरी. खोलीभर रजया पसरल्या.

दाखला नव्हता.

हावानं विचारलं, "कुठे निघालीस गं, डोक्याला धड रुमालही न बांधता?" तोवर त्या गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या. मिनीबस भरायला वेळ लागला. त्या पुढच्या सीटवर पाठ ताठ करून बसल्या होत्या. ड्रायव्हरनं गाणं लावलं तेव्हा म्हणाल्या, "बंद कर ते." त्यानं बंद केलं.

कचेरीत पोचल्या तेव्हा दुपार होत आली होती. मनात त्यांनी सगळं बघून घेतलं होतं. काम उरकलेलं असणार, जिपार केव्हाच निघून गेलेली असणार, मागे फक्त खिडकी. पण जिपार तिथेच होती. रांगेत, शेवटून दुसरी. दाखला छातीशी धरून.

"चोर!" बुरुलकानबाई दारातूनच म्हणाल्या.

सगळी रांग वळली.

"माझ्या घरात खाऊन माझ्या घरात चोरी! कागद नेलास, आता पोरगी कधी नेणार? बॅग तर रिकामीच आणलीयस!"

जिपार पांढरी पडली. पण मान वर करून म्हणाली, "हो. मी घेतला."

"कुठून घेतलास?"

"पेटीतून."

"पेटीतून?"

"पेटीला कुलूप नव्हतं. तुम्ही गोठ्यात होतात."

रांगेच्या शेवटी फरची टोपी घातलेला एक जाडा माणूस होता. त्याला राहवेना. "आजी, चोर असली तर मोठी सवडीनं चोरी करणारी आहे हो. सकाळपासून सगळ्यांना पुढे सोडतेय. मी आलो तेव्हा खिडकीपाशी होती. आता बघा, माझ्या पुढे तेवढी एक राहिलीय. मलाही म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. मी म्हटलं, बाई, मला काही घाई नाही, मला सासूला न्यायचंय तिकडे."

कोणीतरी हसलं. बुरुलकानबाई हसल्या नाहीत. त्यांचा हात दाखल्यासाठी पुढे झाला होता, तो तसाच राहिला.

पेटीतून. दाखला पेटीत नव्हताच. आणि सकाळी चळत कशी होती? घडीची पाठ खोलीकडे. वरून खालपर्यंत कडा जुळलेल्या. रागाच्या भरात त्यांनीच ती उधळली होती, पण त्याआधी ती कशी होती ते त्यांच्या डोळ्यांसमोर जसंच्या तसं उभं राहिलं. सगळा जन्म ज्यांनी बघितलेलं लिहून ठेवण्यात घालवला, त्यांना बघितलेलं विसरता येत नाही. जिपारनं त्या गाद्यांना हात लावला असता तर चळत भिंतीला टेकून उभी राहिली असती. तशा कडा आख्ख्या घरात दोघींनाच जुळवता येत होत्या. एक त्या स्वतः. दुसरीला त्यांनीच शिकवलं होतं, सहा वर्षांची असताना, स्टुलावर उभं करून.

त्या भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. जिपारही रांग सोडून येऊन शेजारी बसली, जरा अंतर राखून.

"दाखला पेटीत नव्हता," बुरुलकानबाई म्हणाल्या.

जिपारनं कोटाचं बटण लावलं, मग पुन्हा काढलं.

"बुटांचं मापही तिनंच कळवलं."

"आई, तिच्यावर रागावू नका."

"कधीपासून?"

"वसंतात तिचा फोन आला. तुमचा मुलगा कामावर होता. मला म्हणाली, वहिनी, मी एक वर्ष तुमच्याकडे येऊन राहू का? धाकटा मला बघून पळतो, मला तो पळायला नकोय. आणि म्हणाली, आईला मी विचारलं असं सांगू नका. तुम्हीच बोलावलंय असं सांगा." जिपारनं दाखल्याची कड बोटानं दाबली. "मग मी तसंच केलं. तुम्ही मला बोललात तर बोललात. मला तुम्ही नाहीतरी बोलताच."

"ते खरं आहे," बुरुलकानबाई म्हणाल्या.

"आज सकाळी तिनंच हातात आणून दिला. मी म्हटलं, जागच्या जागी ठेव. तर म्हणाली, तुम्ही जा, नाहीतर माझी पुन्हा छाती होणार नाही. इथे आले. खिडकीपाशी पोचले की मागच्याला पुढे सोडत होते. तुमच्या मागं तुमचा कागद कसा जमा करू?"

"हरवला म्हणून लिहायचंस."

"तुमच्याकडे असताना हरवला कसं लिहू?"

बुरुलकानबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच, असं त्यांना वाटलं. मग लगेच शंका आली की हेही सगळं रचलेलं असेल. मग ती शंका खोलवर गेली आणि तिथे तिला धरायला काहीच सापडलं नाही. चळतीच्या कडा कोणाला खोट्या रचता येत नाहीत.

इतके दिवस त्यांनी कुंपणाकडे, फोनकडे, बॅगेकडे डोळे लावले होते. वरच्या रजया धरून शेजारी उभ्या असलेल्या पोरीकडे मात्र एकदाही संशयानं बघितलं नव्हतं.

"पुढचे!" खिडकीतून आवाज आला.

फरची टोपी म्हणाली, "जा हो दोघी. मी थांबतो. सांगितलं ना, मला घाई नाही."

बुरुलकानबाई उठल्या. जिपारच्या हातातून त्यांनी दाखला घेतला, रुमालाच्या टोकानं प्लॅस्टिक पुसलं आणि स्वतःच्या हातानं खिडकीतून आत सरकवला.

"हा जमा करा. नव्याचा अर्ज ह्या बाईच्या नावानं. पावती मला द्या."

"पावती अर्ज करणारीला मिळते, आजी."

"मग तिला द्या. ती मला देईल." त्या जिपारकडे न बघता म्हणाल्या. "आणि काय लिहिताय ते मला वाचून दाखवा. सगळं."

खिडकीतल्या बाईनं वाचून दाखवलं. मुलीचं नाव, जन्मगाव, बापाचं नाव, आईचं नाव. आईच्या नावाशी ती जरा थबकली.

"तेच आहे," बुरुलकानबाई म्हणाल्या. "पुढे वाचा."

घरी परतल्या तेव्हा बेगायिम शाळेतून आली होती. खोलीभर पसरलेल्या रजया तिनं पुन्हा घड्या करून चळत रचली होती. चहाचं भांडं चुलीवर होतं. ती पाठ करून पेले पुसत होती आणि वळत नव्हती. जिपार कोट काढायच्या निमित्तानं बाहेरच राहिली.

बुरुलकानबाईंनी चळतीवरून हात फिरवला. कुठे अडला नाही.

"सकाळीही छान लावली होतीस," त्या म्हणाल्या.

पेला पुसणारा हात थांबला.

"मला का नाही विचारलंस?"

बेगायिमनं पेला खाली ठेवला. मग, "तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"आणि मग मी गेले नसते."

"नसतीस गेली."

"आणि मग तू रोज माझ्याकडे बघितलं असतंस. दूधवाल्याच्या बाटलीकडे बघतेस तसं."

बुरुलकानबाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, "दोन पेले कशाला पुसतेस? तिसरा काढ. वहिनी बाहेर थंडीत उभीय."

बेगायिम वळली. डोळे लाल होते. "एकच वर्ष, आई. खरंच."

"ते मी बघेन," बुरुलकानबाई म्हणाल्या. "दर रविवारी फोन करायचा. आपल्या भाषेत. आणि तिथल्या गाद्या बघून ये, जिपारनं कशा लावल्यात ते. मला सांग."

"मी लावून देईन तिला."

"दे. तिला कधी जमलंच नाही."

दारातून जिपार म्हणाली, "ऐकतेय मी."

"ऐक की," बुरुलकानबाई म्हणाल्या. "ये आत, दार लाव. वारा येतोय."

चहा झाल्यावर त्यांनी वही काढली. १७ ऑक्टोबर, गुरुवार. वारा ईशान्येचा, संध्याकाळी वाढला. रात्री कडक थंडी पडेल. जुना दाखला जमा केला. पावती जिपारनं दिली, चष्म्याच्या डबीत ठेवलीय. अंगणातल्या नळाला गोणपाट गुंडाळून बांधलं.